खांद्यावरचा हत्ती

“कुणाला पटायचं नाही, पण आमच्या पणजोबांनी भर पुरातून हत्तीचं पिल्लू खांद्यावर घेऊन आणलं,” असं तात्या जन्मभर सांगत आले. मुलाने नव्या बंगल्याच्या फाटकावर तो हत्ती बसवायचं ठरवलं आणि खात्रीसाठी वंशावळी शोधणाऱ्या एक बाई नेमल्या. आता सुनेसमोर थापाड्या ठरणार, या धास्तीने तात्यांना घास गिळवेना.

गावाहून परतलेल्या बाई म्हणाल्या, “कागदोपत्री काही नाही. पण हत्तीची गोष्ट अख्खं गाव सांगतं, सोंडेला बांधलेल्या उपरण्यासकट.”

तात्यांचा जीव भांड्यात पडला. “मी सांगत होतो ना?” म्हणत त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितला.

“सांगत होतात ना, दर जत्रेला पारावर बसून गावभर,” बायको सुपारी कातरत म्हणाली. “आणि ते उपरणं तर मी सुचवलेलं.”