गुळगुळीत हत्ती

गेल्या वर्षी हस्तकलेच्या स्पर्धेत मावशींचा पॉलिमर क्लेचा हत्ती परीक्षकांच्या एका शेऱ्यापायी हरला: "पाठीवर बोटांचे ठसे दिसतात." मावशींनी तो शेरा फ्रिजवर चिकटवला आणि यंदा बक्षीस आणायचंच म्हणून कंबर कसली.

नवा हत्ती त्यांनी रबरी हातमोजे घालून घडवला, स्पिरिटच्या बोळ्याने पुसला, ओव्हनमध्ये भाजला आणि मग पाण्यात बुडवून आठ दिवस पॉलिश पेपरने घासला.

"अगं, इतकं घासलंस तर हत्ती जाईल आणि शेपूट राहील!" काका म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. आणि त्याला बोट लावलंत तर याद राखा!"

शेवटी मावशींनी भिंग घेऊन सोंडेपासून शेपटापर्यंत हत्ती तपासला. औषधालासुद्धा ठसा सापडला नाही.

निकाल लागला, बक्षीस भलत्याच कुणाच्या तरी सशाला गेलं. हत्तीच्या पायाशी त्याच परीक्षकांची चिठ्ठी होती. मावशींनी दातओठ खात ती उघडली.



"काम सफाईदार आहे, पण त्यावर तुमचा स्वतःचा ठसा कुठेच दिसत नाही."