सामानासोबत माणूस

"बसच्या एका तिकिटावर तीस किलो सामान फुकट," काउंटरवरची बाई म्हणाली, आणि तिकिटांच्या दुकानात शिरल्यापासून पहिल्यांदाच मुलाने मागे वळून आईकडे पाहिलं.

आई भिंतीलगतच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती. चार वर्षांची नात तिच्या मांडीवर होती. समुद्रावर जायचं ठरल्यापासून या आजी-नातीचं एकच पालुपद चाललं होतं: पोरीला पहिल्यांदा पाण्यात आजीच नेणार. पोरीने ते शेजारीपाजारी सगळ्यांना सांगून टाकलं होतं, आणि खरं सांगायचं तर आजीनेही.

अर्धा तास घासाघीस चालली होती. भाड्याच्या मोटारीचा आकडा ऐकूनच सुनेने नाक मुरडलं. रेल्वे सगळ्यात सोयीची, तीन तासांत पोचवणारी. पण तिथे खोली घेऊन राहायचं होतं, बाहेरचं खाणं पोरीला सोसत नाही, म्हणून कुकर, डबे, काचेची विजेवरची शेगडी, शिवाय दोन गच्च भरलेल्या बॅगा. एवढं सगळं रेल्वेत कुठे कोंबणार? त्या शेगडीवर रांधणार कोण, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. ते विचारण्यासारखं नव्हतंच.

"म्हणजे बघ," मुलगा बायकोला म्हणाला, "आपण दोघं रेल्वेने. पोरीला तिकीट लागत नाही. आई बसने. आईला वयामुळे अर्धं तिकीट, आणि त्यावर सगळं सामान फुकट. कसं?"

"अय्या, हे बरं सुचलं!" सून म्हणाली. "नाहीतरी आईंना खिडकीशी बसायला आवडतंच."

दोघांचा जीव भांड्यात पडला. वाईट नव्हती ती माणसं. वर्षभर राबून चार दिवस मोकळी हवा खायला निघालेली, खिसा सांभाळून असलेली माणसं. आई तिथेच, चार हातांवर बसलीये, एवढं फक्त ती दोघं विसरून गेली होती.

"बस पोचते कधी?" आईने विचारलं. मुलाला नाही, काउंटरवरच्या बाईला.

"सकाळी सातला सुटते, आजी. गावोगाव थांबत जाते. चार तरी वाजतात."

"आणि रेल्वे?"

"सकाळी दहालाच पोचते."

आईने बोटांवर तास मोजले. मग सुनेला म्हणाली, "तोवर पोरीला पाण्याकडे नेऊ नका हं. मी आले की..."

"अहो आई, समुद्र समोर दिसत असताना सहा तास तिला खोलीत कोंडून ठेवू का? रडून घर डोक्यावर घेईल."

सुनेचं बोलणं खोटं नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं.

काउंटरवरच्या बाईने पेन खाली ठेवलं. "साहेब, सामान पार्सलने टाका ना. थोडेच जास्त पडतील. आजी तुमच्याबरोबर येतील."

मुलगा विचारात पडला. रेल्वेत जागा मिळाली तर खिडकी सुनेला देऊन टाकायची, असं आईने ठरवूनही टाकलं.

"पार्सलमध्ये आदळआपट होते का?" मुलाने विचारलं.

"थोडीफार होतेच."

"मग नको. शेगडीची काच फुटायची. नवीकोरी आहे."

"बस काय कमी आदळते?" बाई म्हणाली.

"आई मांडीवर घेऊन बसेल ना!"

"नऊ तास?" आई म्हणाली.

"अगं, वजन काय तिचं! चार किलोसुद्धा नाही. ही सोळा किलोची धोंड तासन्‌तास मांडीवर घेऊन बसतेस, तेव्हा काही म्हणत नाहीस ते?"

तो हसला. सूनही हसली. मोठी माणसं हसताहेत म्हणून पोरगीही खिदळली. आईला त्या क्षणी मुलाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण तो आता चाळिशीचा होता, आणि तिचं तिकीट तोच काढणार होता.

"बसचंच करा," मुलगा बाईला म्हणाला.

बाईने बॅगांना बांधायच्या चिठ्ठ्या पुढे केल्या. मुलाने प्रत्येक चिठ्ठीवर आपलं नाव आणि फोन नंबर ठळक अक्षरांत लिहिला, शेगडीच्या चिठ्ठीवर दोनदा गिरवला. मग बाईने तिकिटाचा कागद ओढला.

"आजींच्या नावापुढे कुठला नंबर टाकू?"

"राहू दे तो रकाना. ती कुठे हरवतेय!"

आईने नातीला मांडीवरून उतरवून फरशीवर उभं केलं. मग गुडघ्यांवर हात टेकत स्वतः तिच्यासमोर वाकली.

"इकडे बघ. लाट आली की टाचा वाळूत रुतवायच्या. अशा. पाणी येतं तेव्हा काही होत नाही. परत जाताना ते पायाखालची वाळू ओढून नेतं आणि गरगरल्यासारखं होतं. तेव्हा घाबरायचं नाही, आणि हात सोडायचा नाही."

पोरीने फरशीवर टाचा दाबून पाहिल्या.

"कुणाचा?"

"जो तिथे असेल त्याचा," आई म्हणाली.