भिंतींचे कान

सरकारनं भिंतीभिंतीत माइक बसवले, तेव्हापासून बंदी असलेल्या संपाचा बेत कर्णबधिर शिंप्यांच्या खोलीत शिजू लागला. "भिंतींना कान असतील, डोळे कुठायत?" धाकटा हातांनी म्हणायचा आणि सगळे एकमेकांना टाळ्या देत हसायचे.

खोलीत ऐकू येणारी एकटी त्याची ताई. लहानपणापासून तीच धाकट्याचे कान, म्हणून राखणीलाही तीच. काम एवढंच, की गस्तीचे बूट वाजले की दिव्याचं बटण खालीवर करायचं.

बूट वाजले. धाकटा ताईकडे पाठ करून, अगदी रंगात येऊन हातवारे करत होता. हात बटणावर असूनही ती जिवाच्या आकांतानं ओरडली, "पळ रे, बाळा!"

ते फक्त भिंतींनी ऐकलं.