कोपऱ्यातला धोंडा

"हा धोंडा काढून पाया नव्याने घातल्यावाचून भिंत टिकणार नाही," असे एल्डनने इंग्रजीतून निक्षून सांगितले आणि ट्रकमधला जॅक खाली उतरविला.

फादर इनास यांनी भिंतीतील बोटभर भेगेकडे खिन्नपणे पाहिले. धसईपलीकडच्या या डोंगरवाडीतले ते इवलेसे प्रार्थनामंदिर अद्याप नवेच होते.

एल्डन हा कल्याणच्या युद्धछावणीतला अमेरिकन शिपाई, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा. मुरबाडच्या रस्त्यावर त्याचा ट्रक बंद पडला असता फादरांनी त्यास जेवू घातले होते. त्या अन्नाला जागून तो आज सिमेंटची गोणी घेऊन आला होता.

"तुमच्या ख्रिस्तसभेचेही असेच झाले," तो हसत म्हणाला. "येशूचे प्रेषित गेले आणि त्यांच्यासवे अधिकारही गेला. म्हणून त्यांतल्या पेत्राला स्वर्गातून उतरून आमच्या संदेष्ट्याच्या मस्तकी हात ठेवावा लागला. पाया नव्यानेच घालावा लागला."

"अधिकार कोठेही गेला नाही," फादर शांतपणे उत्तरले. "पेत्राने ज्याच्या मस्तकी हात ठेवला, त्याने पुढच्याच्या मस्तकी ठेवला. ती साखळी माझ्या बिशपांपर्यंत अखंड आली आहे. प्रभूने पेत्रालाच धोंडा म्हटले व त्यावर ख्रिस्तसभा उभारली."

"तो खडक म्हणजे पेत्र नव्हे. ईश्वर मनुष्याशी बोलतो, ते बोलणे हाच खडक."

"बोलण्यावर भिंत उभी राहत नाही, बाळा."

दोघेही हसले. परंतु भेग तर समोर दिसत होती. "बरे, उचल," फादर म्हणाले.

इतका वेळ चिखल तुडवीत असलेला नवशा पुढे झाला आणि धोंड्यास पाठ लावून उभा राहिला. वाडीत बाप्तिस्मा घेणारा तो पहिला. रान राखीव होऊन वर जाणे बंद झाले, त्या साली हा धोंडा त्याने स्वतः डोंगरावरून डोक्यावर वाहून आणला होता व कोणाचा हात न लागू देता पायात बसविला होता.

"बाबा, याला हालवू नका."

"अरे, भिंत पडेल."

"पडंल तर परत घालीन. पन धोंडा नाय हालवायचा. तुमीच बोलले ना, यावरच समदं उभं हाय?"

"बोललो खरा."

"मंग हा साहेब कोन आमचा पाया काढनारा?"

"त्याला सांगा," नवशाची बायको बाईजा पदराआडून म्हणाली, "तुज्या आयशीच्या घराचा पाया उकर जा."

फादरांनी शेवटचे वाक्य गाळून सारे एल्डनला सांगितले. बाईजा प्रवचनात पेंगत असे. आपले शब्द वाऱ्यावर जातात, असे त्यांना पुष्कळदा वाटे. मात्र नव्या भाताची पहिली लोंबी ही माणसे वेदीवर न ठेवता या कोपऱ्याशी ठेवीत. त्याचा अर्थ त्यांना आज उमगला.

एल्डनने टोपी काढली. "एवढी निष्ठा माझ्या गावीही नाही," तो म्हणाला. जॅक ट्रकमध्ये परत गेला. भेग बाहेरूनच सिमेंटने बुजविण्यात आली.

फादर निघाले तेव्हा नवशाने त्यांचे पाय धरले. "लय उपकार झाले, बाबा. आमचा देव उनापावसात उघडा होता. तुमी त्याला छप्पर दिलंत."

फादरांना गोठ्यात जन्मलेला प्रभू आठवला. त्यांनी मनोमन देवाचे आभार मानले.

ट्रकपाशी पोहोचल्यावर छत्री विसरल्याचे त्यांच्या ध्यानी आले व ते एकटेच माघारी वळले. मंदिराच्या कोपऱ्याशी नवशा गुडघे टेकून बसला होता. त्या दर्शनाने धन्य होऊन फादर पावले न वाजविता उभे राहिले.

नवशा धोंड्यावरून मायेने हात फिरवीत म्हणत होता, "बस निवांत, वाघोबा. शेंदराचं तोंड आत हाय, कोनाला नाय दिसलं. आता तुला इथनं कोन उठवीत नाय."