शेवटच्या पानावरचा बिघाड

घटस्फोट दोघांच्या संमतीने होता, त्यामुळे ऑनलाइन अर्जही शेजारी शेजारी बसून भरायचा असं ठरलं. एरवी पंखा कितीवर ठेवायचा यावर न जमणाऱ्या नवराबायकोचं अर्जातल्या प्रत्येक रकान्यावर एकमत झालं. पण शेवटचं पान उघडलं की घरातला कॉम्प्युटर फट्कन बंद पडायचा आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

"काय हे खटारं ठेवलंयस घरात!" बायको वैतागली.

"तूच पसंत केलं होतंस."

"हो, तेव्हा माझी पसंती एकूणच गंडलेली होती."

शेवटी कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्याने धूळ झाडली, रॅम बदलून पाहिली, पॉवर सप्लाय तपासला. मग टेबलाखाली वाकला आणि बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाला, "मशीन ठणठणीत आहे, साहेब. खालच्या बोर्डाचं बटण तुमच्या पायाशी येतंय. पाय जरा आवरा."

नवरा चष्मा पुसत बसला. बायकोने त्याच्याकडे नीट पाहून घेतलं.

"ऊठ," ती म्हणाली. "त्या खुर्चीवर आता मी बसते."

अर्ज पुन्हा भरला. शेवटचं पान आलं तेव्हा नवरा दुसऱ्या खुर्चीवर, संशयाला जागा नको म्हणून, चक्क मांडी घालून बसला होता.

स्क्रीन काळी झाली.

 

बोर्डावरचा पाय हळूच मागे घेत बायको म्हणाली, "परत बोलव त्याला."