केस कोणी कापले?

“हिचे केस कोणी कापले?”

भेटीच्या खोलीतली कुजबुज एकदम थांबली. बाकांवर बसलेले आईबाप माना वळवून पाहू लागले. इस्त्रीवालीने हातातली पिशवी फरशीवर टाकली आणि लेकीची हनुवटी धरून तिचं डोकं इकडून तिकडे फिरवलं. कमरेपर्यंत शेपटा होता पोरीचा. गल्लीत सगळे तिला शेपटीच म्हणत. आता कानाच्या वरच सगळा कारभार आटोपला होता. एका बाजूला दोन बोटं केस, तर दुसऱ्या बाजूला कातडी दिसत होती. उंदराने कुरतडावं तसं.

शेपटी नऊ वर्षांची. सिस्टर लोकांच्या या बालगृहात तिला दोन वर्षं झाली होती. इथे शिकवतात चांगलं म्हणून ठेवलंय, असं इस्त्रीवाली लाँड्रीत सगळ्यांना सांगायची. उद्यापासून महिनाभराची सुट्टी, म्हणून आज ती लेकीला घरी न्यायला आली होती.

“तोंडात काय मिठाची गुळणी धरलीस? बोल की! कोणी कापले?”

शेपटी आपल्या चपलांकडे बघत राहिली.

इस्त्रीवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तसाही राग तिच्या नाकाच्या शेंड्यावरच असायचा. दिवसभर वाफेच्या तोंडाशी उभं राहणारी बाई, आणखी कुठे असणार? लेकीचं मनगट धरून ती तडक ऑफिसात शिरली. भिंतीवरच्या क्रूसाखाली मोठ्या सिस्टर सुट्टीला जाणाऱ्या मुलींची यादी तपासत बसल्या होत्या.

“सिस्टर, माझी पोरगी तुमच्याकडे शिकायला ठेवली होती, भादरायला नाही!”

“बसा, ताई.”

“बसायला नाही आले! मला काय दूधखुळी समजलात? तुमच्या त्या डोक्यावरच्या फडक्याखाली असेच केस कापलेले असतात, ठाऊक आहे मला. हिलाही सिस्टर करायचा बेत आहे ना? आज केस, उद्या पांढरा झगा. आणि आईबापाला पत्ता नाही!”

मोठ्या सिस्टरना हसू येणार होतं. ते त्यांनी गिळलं.

“नऊ वर्षांच्या मुलीला कोण सिस्टर करतं, ताई? इथे उवा झाल्या तरी आईची सही घेतल्याशिवाय आम्ही कात्री लावत नाही. हिनेच कापले. परवा सुट्टीची यादी फळ्यावर लागली. संध्याकाळच्या प्रार्थनेला ही दिसेना. शोधलं तर शिवणाच्या खोलीत, हातात कात्री. का कापलेस, म्हणून विचारून आम्ही थकलो.”

“खोटं! साफ खोटं!”

इस्त्रीवालीला ते पटणं शक्यच नव्हतं. या केसांवर पोरीचा जीव होता. रोज सकाळी इथल्या मुली पायऱ्यांवर एकीमागे एक बसतात, मागची पुढचीची वेणी घालते, आणि शेपटीच्या मागे बसायला मिळावं म्हणून भांडणं होतात, हे मागच्या भेटीत तिनेच आईला फुशारकी मारत सांगितलं होतं. ती पोरगी आपल्या हाताने आपले केस भादरेल? चोराच्या उलट्या बोंबा नुसत्या!

“हिच्या बापाला कळू दे फक्त,” इस्त्रीवाली टेबलावर हात आपटत म्हणाली. “तो माणूस तुम्हाला माहीत नाही. त्याचं डोकं फिरलं की समोर कोण आहे ते बघत नाही तो. तुमचं हे फाटक जागेवर राहणार नाही!”

शेपटीने मनगट सोडवून घेतलं आणि ती मोठ्या सिस्टरच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. ते पाहून तर इस्त्रीवालीचा पारा आणखीच चढला. आपल्या पोटची पोर, आणि जाऊन उभी राहते परक्या बाईच्या आडोशाला!

“ऐका आता. सुट्टीपुरती नाही, कायमची नेते हिला. नाव काढा. माझ्या पोरीला घर आहे, बाप आहे. ती काही वाऱ्यावर पडलेली नाही!”

आता मोठ्या सिस्टरचाही आवाज कडक झाला. “नाव काढायचा हक्क तुमचा आहे. हा घ्या अर्ज. पण सही करण्याआधी तिला एकदा विचारा. न ओरडता.”

इस्त्रीवालीने अर्ज ओढून घेतला. ती लिहू लागली, ती कागद फाटेल इतक्या रागाने.

“आई, सिस्टरना नको ना ओरडू,” शेपटी खुर्चीमागून म्हणाली. “मीच कापले.”

“तू? का गं? वेड लागलं होतं का तुला?”

शेपटी पुढे आली. सिस्टरना ऐकू जाऊ नये म्हणून तिने आईच्या कानाशी तोंड नेलं.

“सुट्टीत घरी यायचं होतं ना. बाबा वेणीला धरूनच ओढतात. आता त्यांच्या हातात काही येणारच नाही.”

इस्त्रीवालीचं पेन सहीपाशी थांबलं. रागाने तापलेलं तिचं तोंड एकदम पांढरंफटक पडलं. शेपटीने तिच्या मानेवरच्या जाडजूड अंबाड्याला हळूच हात लावला.

“आई, तुझेपण कापूया?”