हळदीच्या पेवांचं पुस्तक

अनसूयाबाईंनी फोन ठेवला आणि त्या बंद दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. वाईहून धाकटा भाऊ बोलत होता. आईचं काही खरं नाही, लगेच निघ, म्हणाला. पण आतून अजून घंटी वाजली नव्हती.

घंटी कॉम्प्युटरची होती. विष्णुपंत सांगलीला कॉलेजात इतिहास शिकवायचे आणि हळदीच्या पेवांवर पुस्तक लिहायचे. हरिपूरकडे जमिनीत खोल खणलेल्या ज्या कोठारांत हळद साठवतात, ती पेवं. वर्षानुवर्षं नुसती टिपणं साठत गेली होती. मग पुण्याच्या एका मित्राने दिवसाची आखणी करून देणारा प्रोग्राम फ्लॉपीवर आणून दिला. त्याच्यासाठी कॉम्प्युटर आला आणि घराचं चालणं-बोलणंच बदललं. कॉलेजातून आले, जेवले, की विष्णुपंतांचं दार बंद. लिहायची वेळ संपली की घंटी वाजायची, तेव्हाच ते उघडायचं.

पडद्यावर एक निळी पट्टी असायची. पुस्तक जेवढं होईल तेवढी ती भरत जायची. दर रविवारी विष्णुपंत बायकोला आत बोलावून पट्टी दाखवायचे. ती आदल्या रविवारपेक्षा जराशी पुढे सरकलेली असायची.

अनसूयाबाईंना त्या पट्टीचा अभिमान होता. तिच्यापायी त्यांनी पेटीचा वर्ग बंद केला. गल्लीतल्या मुली शिकायला यायच्या, पण सूर भिंतीपलीकडे गेला की विष्णुपंतांचं लक्ष उडायचं. पेटीवर आता इस्त्रीचे कपडे असत. दुपारी कुणी आलंच, तर त्या फाटकातच दोन शब्द बोलून त्याला वाटेला लावत. मुलगी ऋचा लहानपणी घरात चवड्यांवर चालायला शिकली होती. पुढे ती शिकायला पुण्याला गेली आणि सुट्टीतही तिकडेच रमू लागली. महाबळेश्वरला जायचं, माहेरी चार दिवस राहायचं, पेटी पुन्हा काढायची, हे सगळं पुस्तक झाल्यावर करायचं ठरलं होतं.

घंटी वाजली. दार उघडलं. अनसूयाबाईंनी आईचं सांगितलं.

विष्णुपंतांनी एकदा पडद्याकडे पाहिलं. आवाज न चढवता ते म्हणाले, "तू हो पुढे. मला नाही जमायचं. दादासोंनी साताऱ्याहून सारखा तगादा लावलाय. या आठवड्यात हे प्रकरण गेलं नाही, तर ते पुस्तक सोडून देतील."

दादासो म्हणजे प्रकाशक. त्यांचा छापखाना साताऱ्याला होता. अनसूयाबाईंनी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. विष्णुपंतांनी बायकोची पिशवी रिक्षात ठेवली, सांभाळून जा म्हणाले आणि आत गेले.

त्या वाईला पोचल्या तेव्हा आईला घाटावर नेलं होतं. भाऊ म्हणाला, जरा आधीची एसटी मिळाली असती तर भेट झाली असती, शेवटपर्यंत तुझंच नाव घेत होती. एसटी चुकली, असं त्यांनी सांगितलं. दाराशी उभं राहिल्याचं त्या बोलल्या नाहीत.

दहाव्याला विष्णुपंत आले नाहीत. तेराव्यालाही आले नाहीत. एकदा फोन केला आणि गॅस कुठे नोंदवायचा ते विचारलं. पंगतीत बायका चौकशी करत होत्या. प्रत्येकीला अनसूयाबाई सांगत होत्या, त्यांचं पुस्तक संपत आलंय. भावजयीने मात्र काही विचारलं नाही. त्यांना ते जास्त लागलं.

परतीच्या एसटीत त्यांचा राग हळूहळू वर आला, आणि तो त्या न पाहिलेल्या छापखानेवाल्यावर गेला. नवरा वाईट नव्हता. त्याने कधी हात उगारला नव्हता, कधी शिवी दिली नव्हती. एका भल्या माणसाला घाण्याला जुंपून त्याच्या घरादाराची माती करणारा तो कोण? साताऱ्याला एसटी थांबली तशा त्या उतरल्या. विचारत विचारत छापखान्यावर गेल्या.

दादासो थोराड बांध्याचे, बोटांना शाई लागलेले गृहस्थ होते. नाव ऐकल्याबरोबर त्यांनी खुर्ची पुसून दिली आणि चहा सांगितला. चहा यायच्या आत अनसूयाबाईंनी बोलून टाकलं. परक्या माणसाशी त्या जन्मात एवढं बोलल्या नव्हत्या. आई गेली, त्यांना तेराव्यालाही येता आलं नाही, म्हणाल्या. ऋचाचंही सांगितलं, आणि मग पेटीचंसुद्धा.

"तुमचं नुकसान होत असेल, मला कळतं," त्या म्हणाल्या. "पण त्यांना थोडी मुदत द्या. इतका तगादा लावू नका."

दादासो गोंधळले.

"कसली मुदत, वहिनी? सरांचं पुस्तक माझ्याकडं येऊन तीन वर्सं झाली. पार शेवटच्या पानापत्तुर. सगळं जुळवून छापायला तयार हाय."

चहा आला. अनसूयाबाईंनी कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"मग छापलं का नाही?"

"मी कवाच छापलं असतं. सरच छापू देत न्हाईत," दादासो म्हणाले. विद्वान माणसाच्या लहरीचं कौतुक वाटावं, तसं ते हसले. "दर दिवाळीला इचारतो मी. त्यांचं एकच उत्तर. म्हणतात, दादासो, घाई करू नका. पुस्तक बाहेर आलं, की मलाही खोलीबाहेर यावं लागेल."